ख

रुमाल सोडला की आधी डांबरगोळीचा वास येतो,
मग माणसं.
आज खंडोजी बिन सूर्याजी आला, मौजे वडाळवाडीचा,
पाटीलकी आपली म्हणणारा.
त्याची नखं काढली. हात साबण लावून धुतले.
डाव्या अंगठ्यावर जुना व्रण, उजव्या तळव्याला घट्टे दोन,
सगळं लिहून ठेवलं कारकुनानं,
नंतर कुणी म्हणू नये की हे कढईतलंच.
कपाळाला पत्र बांधलं.
तूप कढलं, त्यात रवा सोडला,
आणि देवासमोर, गोतासमोर
खंडोजीनं हात घातला.

मग पिशवी, मनगटापर्यंत शिवलेली.
वर लाख. लाखेवर शिक्का.
तिसरे दिवशी पिशवी सोडोन पाहता खंडोजी ख

आणि पुढे कसर.

दीड बोट रुंद भोक, कडा सुबक, कातरीनं कापल्यासारख्या.
खरा असेल तर किड्यानं एक रा खाल्ला,
खोटा असेल तर ओकार आणि टा.
पोट दोन्हीनं सारखंच भरलं असणार.

वकील तासगावकर म्हणाले, बाई,
अकरा एकर आहे, हिंजवडीच्या पलीकडे,
आणि अशील थेट खंडोजीच्या वंशातले.
ख तर दिसतोय ना?
तीस वर्षं मोडी वाचताय,
पुढचं अक्षर हाताला लागतंच की तुमच्या.

लागतं.
हाताला काय काय लागतं.

खडकीला आम्ही कारखान्याच्या क्वार्टरमध्ये होतो.
फळीवरच्या डब्याखालून पाच रुपये गेले तेव्हा
आईनं आम्हा चौघांना ओळीनं बसवलं,
मी, दोघे भाऊ, आणि दूध घालायला आलेला तुळशीराम,
नऊ वर्षांचा, हातात किटली तशीच.
मूठमूठ कोरडे तांदूळ दिले.
चावा, म्हणाली, आणि थुंका या पेपरवर.
चोराचं तोंड सुकतं.
ही पद्धत तिच्या आजोळची, कधी चुकली नव्हती म्हणे.

तुळशीरामच्या तोंडातून पीठ पडलं, पांढरं, फुफाट्यासारखं.
बोलायला गेला तर ठसका लागला.
त्याच्या बापानं त्याला आमच्याच दारात मारलं,
आमची खात्री पटावी म्हणून.

मला कच्चे तांदूळ फार आवडायचे.
तोंडाला नुसतं पाणी सुटलं होतं.
पेपरवर माझा गोळा सगळ्यात ओला, चकचकीत,
आई म्हणाली, बघा, ही माझी पोर.
नोट माझ्या भूगोलाच्या वहीत होती,
महाराष्ट्रातील नद्या, तिथं.

दुसऱ्या दिवसापासून दूध त्याची बहीण घालायला लागली.
माप तेच. फक्त उंबऱ्याच्या आत येईना.

आता सिव्हिल कोर्टाच्या स्टेशनातून वर येते मी,
चकचकीत सरकता जिना, वर तीच दगडी इमारत,
झाडाखाली टंकलेखक, झेरॉक्स, बॉन्डपेपर,
घड्याळ बघत बसलेली माणसं,
प्रत्येकाचा हात कुठल्यातरी पिशवीत.

ईश्वरसाक्ष खरं सांगेन, म्हटलं.
कागद पुढे आला, प्लॅस्टिकच्या पाकिटात.
तासगावकर गोड आवाजात,
बाई, हे अक्षर कोणतं?

ख.

आणि त्यापुढे?

पंखा फिरत होता. लघुलेखकाची बोटं थांबली.
माझी जीभ टाळूला चिकटली, सुटेना.
ओठ हलले, आवाज नाही आला,
घशात पीठ,
पांढरं, फुफाट्यासारखं.

पाणी मागितलं. पट्टेवाल्यानं दिलं स्टीलच्या फुलपात्रात.
तासगावकर न्यायाधीशांकडे वळून म्हणाले,
साक्षीदार घाबरलेली दिसते, नोंद व्हावी.
व्हावी.

पाणी प्यायले. म्हटलं,
पुढे भोक आहे.